चहाच्या डब्याची किल्ली

(रत्नागिरीत बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला आज 'घरातली मारहाण आणि कायदा' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी संयोजक ताईंना फोनवर म्हटलं, मी चहावर बोलते. त्या म्हणाल्या, "अगो, चहा भाषण झाल्यावर आहे." मी म्हटलं, चहा नंतर घेऊच, पण आधी चहाविषयी बोलू, आणि मारहाणीचा विषय त्यातूनच निघेल.

झालं असं की आमच्या सल्ला केंद्रात एखादी बाई येते तेव्हा तिची हकीकत ऐकताना आम्ही विचारतो, त्या दिवशी सुरुवात कशावरून झाली? उत्तरं लिहून ठेवावी लागतात. मी गेली दहा वर्षं ती लिहिते आहे. दारू असते, पैसे असतात, संशय असतो. पण सुरुवात विचारली की कितीदा तरी चहा येतो. चहा गार होता. साखर जास्त पडली. पाहुणे ओटीवर बसले होते आणि ही मागील दारी भांडी घासत राहिली, चहा उशिरा आला. सासूच्या आधी स्वतः घेतला. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला शिकवलं होतं, ही कारणं नव्हेत, निमित्तं आहेत, खरं कारण सत्तेचं असतं. ते मला पटतं. पण निमित्त पुन्हा पुन्हा चहाचंच का व्हावं? ताकाचं का होत नाही? पेजेचं का होत नाही? आपल्या पणज्यांच्या वेळी तर कोकणातल्या बहुतेक घरांत चहा नव्हताच. आल्यागेल्याला गूळ-पाणी देत. मग हा मधेच आलेला पाहुणा घराचा मालक कसा झाला, हे शोधायला मी पुस्तकं चाळली. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

चहा आपल्याला इंग्रजांनी लावला असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण इंग्रजांनाही तो कुणीतरी लावला होता. १६६० सालापर्यंत लंडनच्या बऱ्याच लोकांनी चहा पाहिलेलाही नव्हता. सॅम्युअल पेपिस नावाचा तिथला एक सरकारी अधिकारी रोजनिशी लिहायचा. १६६० च्या सप्टेंबरात त्याने लिहून ठेवलंय की आज आपण पहिल्यांदाच ते चिनी पेय मागवलं. दोनच वर्षांनी, १६६२ साली, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन लग्न होऊन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या घरी गेली. तिला माहेरी चहाची सवय होती. राणी पिते म्हणून दरबारातल्या बायका पिऊ लागल्या. आता या राणीचं नाव आपण शाळेत वेगळ्या कारणासाठी घोकलेलं आहे, आठवतंय का? तिच्या लग्नात जे आंदण दिलं त्यात मुंबई होती! म्हणजे आपल्या चाकरमान्यांची मुंबई आणि इंग्रजांच्या घरातला चहा, दोन्ही एकाच बाईच्या हुंड्याशी जोडलेले आहेत. हुंडा किती लांबवर पोचतो पाहा. (जाता जाता : 'टी' हा इंग्रजांचा शब्द चीनच्या एका किनाऱ्यावरून डचांमार्फत गेला, आणि 'चा' हा दुसरीकडून पसरला. आपला 'चहा' या दुसऱ्या घराण्यातला. तेव्हा पेय साहेबाचं असलं तरी शब्द साहेबाचा नाही.)

त्या काळात लंडनमध्ये कॉफीघरं होती. चहाही तिथेच मिळायचा. तिथे व्यापारी, वकील, लेखक बसत, वर्तमानपत्रं वाचत, राजकारण करत. बायकांना मात्र तिथे गिऱ्हाईक म्हणून बसता येत नसे. गल्ल्यावर बाई असायची, भांडी घासायला असायची. टेबलाशी नाही. चांगल्या घरातल्या बाईला चहा हवा असेल तर नोकराला पाठवायचं. मग १७१७ मध्ये ट्वायनिंग नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या कॉफीघराशेजारी नुसता चहा-कॉफी विकणारं दुकान काढलं. दुकान म्हटल्यावर बाईला आत शिरायला हरकत राहिली नाही.

घरात चहा येऊ लागला, पण तो फार महाग. त्यावर कर इतका, की १७८४ साली तो कमी केला तेव्हा शंभराला एकशे एकोणीसवरून साडेबारावर आणला. तोपर्यंत निम्मं इंग्लंड चोरटा चहा पीत होतं. अशी महाग वस्तू ठेवायला नक्षीदार पेट्या निघाल्या, त्यांना कुलूप असे आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला. मोलकरणीने हात लावायचा नाही. पाहुण्यांसमोर पेटी उघडायची, चहा मोजून घालायचा, ओतून द्यायचा, हे सगळं मालकीणबाई स्वतः करणार. मला या किल्लीने बरेच दिवस पछाडलं होतं. ही किल्ली म्हणजे अधिकार की राखणदारी? पेटीत जे होतं ते नवऱ्याच्या पैशाचं होतं. तिच्या नावावर काही नव्हतं, कारण लग्न झालेल्या इंग्रज बाईला स्वतःच्या नावावर पूर्णपणे मालमत्ता ठेवण्याचा कायदा व्हायला १८८२ साल उजाडलं. पण किल्ली तिच्या कमरेला होती हेही खरं. आपल्याकडे कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणाऱ्या सासवा तुम्ही पाहिल्या आहेत. त्यांनाही हेच विचारायला हवं.

चहा मोलकरणींपर्यंत पोचला तेव्हा पुरुषांना तो अचानक वाईट दिसू लागला. १७५६ च्या सुमारास जोनास हॅन्वे नावाच्या गृहस्थांनी चहाविरुद्ध निबंध लिहिला. चहाने पुरुष खुजे होतात, बायकांचं रूप जातं, कामाच्या पोरींच्या गालांवरची लाली उडते, असं त्यांचं म्हणणं. "चहा पिऊ नको, काळी होशील" हे आपल्याला लहानपणी सांगितलं गेलं, तेव्हा वाटलं होतं का की याला इतका जुना आणि गोरा वारसा असेल? हे हॅन्वे लंडनच्या रस्त्यावर नेमाने छत्री घेऊन हिंडणारा पहिला पुरुष म्हणून प्रसिद्ध आहेत, त्याबद्दल रत्नागिरीकरांनी त्यांना माफ करावं.

पण याच चहाच्या टेबलाशी बसून बायकांनी काय केलं, ते मला मुद्दाम सांगायचंय. १७७४ मध्ये अमेरिकेतल्या एडेंटन या गावी ५१ बायकांनी सही करून जाहीर केलं की इंग्रज सरकारच्या करधोरणाविरुद्ध आम्ही इंग्लंडचा माल घेणार नाही. ही गोष्ट लंडनला कळली तेव्हा एक व्यंगचित्र निघालं. त्यात बायका कुरूप, उठवळ दाखवल्या, आणि टेबलाखाली दुर्लक्षित झालेलं एक मूल बसवलं. आपण ग्रामसभेला गेलो की "पोरं कुणाकडे ठेवून आलीस" हा प्रश्न येतो ना, ते हेच चित्र.

दुसरी गोष्ट साखरेची. इंग्रज चहात साखर घालू लागला आणि ती साखर वेस्ट इंडीजच्या बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या हातून होत होती. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटने फेटाळला. बायकांना मत नव्हतं, तेव्हा पार्लमेंटमध्ये त्यांचं कोण ऐकणार? पण घरात साखर आणायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. घराघरांत चहा बिनसाखरेचा झाला. क्लार्कसन या कार्यकर्त्याचा अंदाज होता की तीन लाखांच्या आसपास माणसांनी साखर सोडली. पुढे १८२४ मध्ये एलिझाबेथ हेरिक या बाईंनी पुस्तिका लिहून ठणकावलं की गुलामी हळूहळू नाही, ताबडतोब बंद करा. चळवळीतल्या पुरुष पुढाऱ्यांना तेव्हा हळूहळूच हवं होतं. या बायका दारोदार फिरून सांगत, गुलामांच्या हातची साखर घेऊ नका. आता यातला विनोद बघा, त्याऐवजी साखर कुठली घ्यायची, तर बंगालची, ईस्ट इंडिया कंपनीची! आपल्या शेतकऱ्याचं काय चाललंय हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या बाजूचा हिशेबही थोडक्यात सांगते. चीनचा चहा विकत घ्यायला इंग्रजांकडे पुरेशी चांदी नव्हती. म्हणून त्यांनी हिंदुस्थानात अफू पिकवून चीनला पाठवली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची आणि मुंबईतल्या कित्येक मोठ्या पेढ्या त्या पैशावर उभ्या राहिल्या. पुढे आसामात चहाची झाडं मिळाली, १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात गेला, आणि मळ्यांवर राबायला दूरदूरची आदिवासी कुटुंबं करारात बांधून नेली. मग एवढा चहा पिणार कोण? १९०३ मध्ये चहावर पट्टी बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. स्टेशनवर, बाजारात, गिरण्यांत. गिरण्यांमध्ये आपलीच माणसं होती. गावी येताना ट्रंकेत चहाची पुडी घेऊन येणारा चाकरमानी हा कोकणातल्या चहाचा खरा प्रचारक. त्याला त्याचे पैसे कुणी दिले नाहीत.

माझी आजी सांगायची, पहिल्यांदा पुडी आली तेव्हा ती कशी शिजवायची हे बाईमाणसाला ठाऊक नव्हतं. चाकरमान्यांनीच चुलीपाशी बसून करून दाखवलं! आजोबांनी आयुष्यात एकदाच चहा केला तो त्या दिवशी. त्यानंतर तो वैलावरच्या पातेलीत आजीने केला, पन्नास वर्षं. दूध असेल तर पुरुषांच्या चहाला. बायकांना कोरा, गुळाचा, परड्यातली गवती चहाची पात घालून. तोही माजघरात, भांड्यातून, उभ्या उभ्या. कपबशी बाहेरच्या लोकांसाठी होती. मला आठवतं, आजी म्हातारपणी आमच्याकडे आली तेव्हा मी तिला कपबशीत चहा दिला. तिने तो भांड्यात ओतून घेतला.

आता पुण्याची गोष्ट. माझ्या मते ती आपल्याकडच्या चहाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची आहे आणि आपल्याला ती अर्धीच शिकवली जाते.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. टिळक आपल्या रत्नागिरीत जन्मलेले, हे सांगायला नकोच. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी हातात घेऊन ठेवून दिली. एवढंच झालं. पुढे 'पुणे वैभव' पत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आली. ती फोडली गोपाळराव जोशी यांनी, आपल्या पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या नवऱ्याने. आनंदीबाई तीन वर्षांपूर्वी, १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत गेल्या होत्या. गोपाळराव म्हणजे विचित्र मनुष्य. बायकोला शिकण्यासाठी मारणारा आणि मोठमोठ्या माणसांचं ढोंग उघडं पाडण्यात मौज मानणारा.

सनातन्यांनी गदारोळ केला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्यांनी चौकशीला शास्त्री नेमले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण आलं तर इथे संपतं, सुधारक विरुद्ध सनातनी, पुरुष विरुद्ध पुरुष. पण बहिष्कार म्हणजे काय, हे कोकणात राहणाऱ्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. वाळीत टाकण्याच्या केसेस मी या नोकरीत पाहिल्या आहेत. घरात श्राद्ध असतं, मुंज असते, भटजी येत नाही. स्वयंपाकाला कुणी मिळत नाही. लेकीला सासरचे माहेरी पाठवत नाहीत. सुनेच्या बाळंतपणाला शेजारीण येत नाही. चहा पुरुषाने मिशनमध्ये प्यायचा आणि त्याची किंमत घरातल्या बाईने चुलीपाशी मोजायची. पंचहौदच्या यादीतल्या पुरुषांची नावं आपल्याला मिळतात. त्यांच्या घरात त्या दोन वर्षांत बायकांनी काय सोसलं याची यादी कुणी छापली नाही.

एकीने मात्र लिहून ठेवलं. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० मध्ये निघालेल्या पुस्तकात हा प्रसंग सांगितला आहे. नवऱ्याने प्रायश्चित्त घेतलं हे त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. मित्रांची घरच्या माणसांकडून होणारी कोंडी सुटावी म्हणून रानड्यांनी ते घेतलं. त्यांची बाजूही त्या मांडतात, पण स्वतःची नाराजी लपवत नाहीत. बाईंची अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, नवऱ्याने शिकवलेली, नवऱ्याला देव मानणारी पिढी. तिने छापील पुस्तकात, नवरा गेल्यानंतर नऊ वर्षांनी का होईना, मला हे पटलं नाही असं लिहिणं ही साधी गोष्ट नव्हे. आणि त्याच १८९० साली पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. चहाच्या कपावरून एवढा भडका उडालेल्या गावात, ख्रिस्ती झालेली एक बाई विधवांना एकत्र ठेवून, शिकवून, जेवू घालणार होती. पुढे तिच्याविरुद्ध जे रान उठलं ते या पार्श्वभूमीवर वाचून बघा. पुरुष प्रायश्चित्त घेऊन परत जातीत आले. पंडिता रमाबाईंनी परतीची वाट ठेवलीच नव्हती.

चहात नेहमी जात असते, हे पुण्यातच होतं असं नाही. दलित माणसाला हॉटेलबाहेर वेगळी कपबशी, ती त्याने पिऊन स्वतः धुऊन वळचणीला ठेवायची, ही रीत महाराष्ट्रात गावोगाव होती. आपल्या शेजारच्या फणसवळ्याच्या उर्मिला पवार यांचं 'आयदान' वाचलं नसेल तर गटाच्या पैशातून एक प्रत घ्या. आपल्याच तालुक्यातलं बालपण त्यात दिसेल, आणि ओळखीचं वाटून मान खाली जाईल. याच रत्नागिरीत सावरकर स्थानबद्ध असताना १९३३ मध्ये सर्व जातींसाठी उपाहारगृह निघालं. तिथे अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा मिळे, आणि सावरकरांना भेटायला येणाऱ्याने आधी तिथे चहा घ्यावा असा दंडक होता. सावरकरांच्या राजकारणाशी माझे मतभेद आहेत आणि ते मी लपवत नाही. पण चहाच्या कपात नेमकं काय साठलेलं असतं हे त्यांनी ओळखलं होतं. माझी शंका वेगळी आहे. त्या उपाहारगृहात टेबलाशी बसून चहा प्यायला रत्नागिरीतल्या किती बायका गेल्या असतील? जातीचा उंबरठा ओलांडायला निघालेल्यांना बाईचा उंबरठा दिसला का? तेव्हा भल्या घरच्या बाईने हॉटेलात बसायचंच नाही असं होतं.

आणि आज? लंडनमध्ये १८६४ मध्ये एका पावाच्या कंपनीने चहाची दुकानं काढली, जिथे बाई एकटी जाऊन बसू शकत होती. अशीच चहाघरं पुढे वाढली आणि मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायका तिथे भेटू लागल्या. बसायला जागा नसेल तर संघटना कुठे करणार? आपल्याकडे टपरीवर बघा. पुरुष अर्धा-अर्धा तास उभे असतात. गावातली सगळी बातमी, ग्रामपंचायतीचं राजकारण, कुठे काम निघालंय, कुणाची जमीन विकायची आहे, हे सगळं त्या टपरीवर ठरतं. टपरी चालवणारी बाई असेल, पण पिणारी नसते. आठवडा बाजारात सकाळपासून मासळी विकणाऱ्या मावशीसुद्धा चहा टोपलीपाशी मागवतात. आम्ही तिघी कार्यकर्त्या एकदा स्टँडजवळच्या टपरीवर उभ्या राहिलो तर चहावाल्या दादांनी फार प्रेमाने सांगितलं, ताई, तुम्ही बसा तिकडे, मी पाठवतो. तिकडे म्हणजे कुठे, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

घरातल्या चहाचा सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे मुलगी बघणं. त्याला आपण 'चहापोह्यांचा कार्यक्रम' म्हणतो. ट्रे घेऊन मुलगी येते. हात थरथरतो का, चालताना लंगडते का, नजर खाली आहे का, हे बघितलं जातं. इंग्रजांच्या बैठकीत चहा ओतणारी बाई यजमानीण होती, ती बसलेली असायची. आपली मुलगी उभी असते आणि ती सोडून सगळे बसलेले असतात. बी.एड. झालेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीसुद्धा हे करतात. मीही केलंय. तीनदा. एकदा तर मुलाच्या काकांनी विचारलं, चहा तूच केलास ना? आई पटकन हो म्हणाली. केला होता भावाने.

आता मी मूळ विषयाकडे येते. तुम्ही ताटकळला असाल.

सोलापूर जिल्ह्यात २०१३ च्या डिसेंबरात एक बाई सकाळी चहा न करता घराबाहेर निघाली होती. नवऱ्याने तिच्या डोक्यात हातोडा घातला. मग रक्त पुसलं, तिला आंघोळ घातली, आणि नंतर दवाखान्यात नेलं. आठवड्याभरात ती गेली. सहा वर्षांच्या मुलीने हे डोळ्यांनी पाहिलं आणि कोर्टात सांगितलं. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात त्याच्या बाजूने सांगितलं गेलं की चहा करायला नकार देऊन बायकोनेच त्याला भडकवलं. २०२१ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी हे म्हणणं फेटाळलं. बायको ही नवऱ्याची मालकीची वस्तू नाही, लग्न हे बरोबरीचं नातं आहे, आणि घरातली सगळी कामं बाईनेच करायची हा समज असमतोलातून आलेला आहे, अशा अर्थाचं त्यांनी निकालात लिहिलं. शिक्षा कायम केली.

मला या निकालाचा आनंद आहे. पण दुसरी गोष्ट मनातून जात नाही. चहा दिला नाही म्हणजे भडकवलं, हे उच्च न्यायालयात मांडण्यासारखं कुणाला तरी वाटलं. म्हणजे ऐकणाऱ्याला ते पटू शकेल असा हिशेब होता. गावात बसलेल्या पंचांना कदाचित पटलंही असतं. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७, असं आढळलं. हे करणाऱ्यांचे आकडे आहेत. मुळीच न करणारे पुरुष यात मोजलेलेसुद्धा नाहीत.

आणि जिथून आपली चहाची पावडर येते तिथे पानं खुडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, हे या मेळाव्यात सांगायलाच हवं. दोन पानं आणि एक कळी, अशी हातांनी खुडायची, दिवसभर, उतारावर उभं राहून. केरळात मुन्नारला २०१५ च्या सप्टेंबरात अशा हजारो बायका रस्त्यावर बसल्या, कारण बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला होता. पुरुष पुढाऱ्यांच्या युनियनांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. 'पेंपिळै ओरुमै' म्हणाल्या त्या स्वतःला, म्हणजे बायकांची एकी. नऊ दिवस बसल्या आणि वीस टक्के घेऊनच उठल्या. आपण सकाळी पातेलीत पावडर टाकतो तेव्हा ती त्यांच्या हातची असू शकते.

शेवटी आमच्या केंद्रातलं एक सांगते, माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने. नवरा-बायकोची एकत्र बैठक असली की मी हल्ली एक करते. केंद्राच्या मागच्या खोलीत गॅस आहे. मी नवऱ्याला म्हणते, दादा, आपण तिघांसाठी चहा ठेवा. काही जण रागावून उठतात. एकजण, पंचेचाळीशीचे, गेले आत. बाई लगेच उठायला लागली. मी हात धरून बसवलं. आतून आवाज आला, पावडर कुठाय? ती सांगायला उठली. पुन्हा बसवलं. मग साखर कुठाय. मग दूध उतू गेल्याचा वास आला आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, दूध वाया गेलं म्हणून. वीस मिनिटांनी तीन कप आले. तिच्या हातात कप देताना त्यांची नजर खाली होती. तिने एक घोट घेतला, बराच वेळ काही बोलली नाही, मग अगदी हळू म्हणाली, साखर कमी आहे.

ते उठले आणि डबा घेऊन आले.